वाढत्या अंगाचा कोट

बारावीचे निकाल लागले की मला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. अभ्यासाचं कोणी विचारत नाही, त्यासाठी क्लासवाले आहेत. मला विचारतात ते कपड्यांचं. मी बरीच वर्षं एका संस्थेत शिकवलं आणि प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवर बसले, एवढ्या भांडवलावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात मी या विषयातली तज्ज्ञ ठरले आहे.

यंदा नंबर भाच्याचा. अहमदाबादच्या एका कॉलेजचं मुलाखतीचं पत्र आलं. त्यात वेळ, पत्ता, सोबत आणायच्या कागदांची यादी आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: पोशाख फॉर्मल. झालं, घरात चार पक्ष पडले. दादाचं म्हणणं, ब्लेझर घ्यायचा. वहिनीचं म्हणणं, पांढरा शर्ट आणि काळी पँट, त्यात चुकण्यासारखं काही नाही. त्यावर आई आतून ओरडली, “वरातीतल्या बँडवाल्यासारखा दिसेल पोरगा!” आणि खुद्द नवरदेवाचं, म्हणजे भाच्याचं म्हणणं, त्याचा राखाडी टी-शर्ट चांगला आहे. “आत्या, कॉलर आहे ना त्याला?”

मग त्याने खरा प्रश्न विचारला. “तुम्ही लोक नक्की बघता काय?”

आम्ही कपडे बघत नाही, असं पॅनेलवरचा प्रत्येक जण छातीठोक सांगतो. गुण द्यायच्या तक्त्यात कपड्यांचा रकाना नसतो, हे खरंच आहे. आमच्या तक्त्यात विषयाची जाण, विचारांची मांडणी, सामान्य ज्ञान असे रकाने होते आणि तळाशी एक होता ‘व्यक्तिमत्त्व’. कपडे त्या रकान्यातून मागच्या दाराने आत येत. ज्याचा शर्ट अंगावर नीट बसलेला आहे त्याच्यापुढे ‘आत्मविश्वास चांगला’ असं लिहिलं जाई. ज्याची पँट कमरेला ढगळ आहे आणि जो दर दोन मिनिटांनी पट्टा वर ओढतो, त्याच्यापुढे ‘थोडा बावरलेला’. बावरलेला तो नव्हता. पँट मोठ्या भावाची होती.

आणि बघायला वेळ तरी किती मिळतो? दारापासून खुर्चीपर्यंतची पाच-सहा पावलं. त्यात बूट नवे असले तर ते आधी ऐकू येतात, मागून मुलगा दिसतो. एकदा तो बसला की टेबलाच्या वर उरतो तो शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंतचा ऐवज. त्यापुढे चेहरा, हात आणि आवाज. सकाळपासून अशी पंधरा-वीस मुलं होऊन गेलेली असतात, चहाचे कप तसेच पडलेले असतात, आणि खरं सांगायचं तर दुपारी तीननंतर आलेल्या मुलाने काय घातलं होतं ते संध्याकाळी कोणाला विचारलं तर सांगता येणार नाही. वास मात्र लक्षात राहतो. बंद खोलीत अर्धी बाटली डिओडोरंट मारून आलेला मुलगा निघून गेला तरी पुढच्या दोघांच्या मुलाखतीत हजर असतो.

कपड्यांमुळे लक्षात राहिलेला एक मुलगा मात्र आहे. छोटा उदेपूरच्या बाजूच्या एका गावातून पहाटेची बस पकडून आला होता. फिकट निळा शर्ट, कोरा करकरीत. छातीवर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे पुठ्ठ्यावर घडी घातलेला शर्ट पिशवीतून काढून थेट अंगात चढवलेला. कॉलरच्या आत ती पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते ना, ती तशीच राहिली होती. मान वळवली की ती टोचायची. मग तो बोट घालून कॉलर सैल करायचा आणि हातातलं वाक्य अर्धं सुटायचं. पुन्हा सुरू, पुन्हा बोट. बाहीच्या मागच्या बाजूला एक टाचणीही चमकत होती. माझ्या शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने तेवढ्यात आपल्या कागदावर ‘अस्वस्थ’ असं लिहिलं, ते मी तिरक्या नजरेने वाचलं.

मी म्हटलं, “बेटा, कॉलरमध्ये पट्टी राहिलीय बघ. काढून ठेव टेबलावर.” त्याने ती काढली, टाचणीही काढली, दोन्ही वस्तू आमच्या कागदांशेजारी नीट एका ओळीत ठेवल्या. मग आम्ही त्याच्या गावाचं विचारलं आणि तो महुड्यावर, म्हणजे मोहाच्या फुलांवर, बोलला. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे झाडाखाली जाऊन फुलं कशी वेचतात, अंगणात कशी वाळवतात, वाळल्यावर वजन किती घटतं, व्यापारी आला की काट्याकडे लक्ष कोणी ठेवायचं हे घरात कसं आधी ठरलेलं असतं. आमच्या खोलीत त्या दिवशी बाजारपेठेबद्दल इतकं सरळ आणि खरं दुसरं कोणी बोललं नाही. त्याला प्रवेश मिळाला. पट्टी काढल्यामुळे नव्हे आणि महुड्यामुळेही नव्हे, लेखी परीक्षेतच तो वर होता. पण ती पट्टी तशीच राहिली असती तर त्या तळाच्या रकान्यात काय पडलं असतं, ते मला माहीत आहे.

या विषयावर सल्ला देणारे सगळे एकच सांगतात. साधं जा. नीटनेटकं जा. जसे आहात तसे जा. ऐकायला किती गोड! पण साधं दिसणं कोणाला परवडतं, याचे दोन धडे आमच्या बडोद्यानेच घालून दिले आहेत, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत.

बडोद्यातली सगळ्यात गाजलेली मुलाखत १८७५ सालची. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायला मुलगा हवा होता. नाशिककडच्या कवळाण्याहून काशीराव गायकवाड आपल्या मुलांना घेऊन आले. मुलांना विचारलं गेलं, इथे कशाला आलात? बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. २७ मे १८७५ ला दत्तविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले. हा किस्सा इथल्या मराठी घरांत मुलांना भाताच्या घासाबरोबर भरवतात. माझ्या आईने तर माझ्या भावाला त्याच्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशीसुद्धा ऐकवला होता. राज्य करायला आलो असं तिथे सांगितलं असतं तर शिपायाने बाहेर काढला असता, हा भाग वेगळा.

पण कपड्यांचा किस्सा पुढचा आहे. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. पंचम जॉर्ज सिंहासनावर. संस्थानिकांनी दागिन्यांनी मढून यायचं, लवून मुजरे करायचे आणि बादशहाला पाठ न दाखवता मागे सरकत जायचं, असा शिरस्ता. निजामानंतर सयाजीरावांची पाळी आली. ते आले साध्या वेशात, जडजवाहीर न घालता, हातात छडी. एकदा मान लववली, वळले आणि चालू पडले. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! त्या प्रसंगाची चित्रफीत लंडनमध्ये दाखवली गेली, आणि शेवटी महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांना दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं. त्यांनी ते सगळं ठरवून केलं की गोंधळात झालं, यावर आजही आमच्याकडे चहाच्या टेबलावर वाद होतात. मी ‘ठरवून’वाल्यांच्या बाजूची.

मला त्यात दिसतं ते असं, की ज्याच्या जवाहिरखान्यात ‘स्टार ऑफ द साउथ’सारखा हिरा आहे, त्याने तो घातला नाही तर त्याची बातमी होते. ज्याच्याकडे तो नाहीच, त्याने न घातल्याची दखल कोण घेणार? २१ तोफांच्या सलामीचा मान असलेल्या माणसाचं साधेपण सगळ्या साम्राज्याला झोंबलं. छोटा उदेपूरच्या मुलाने धुवट शर्ट घालून यायचं ठरवलं असतं तर ते साधेपण कोणाला दिसलंच नसतं. दिसली असती ती गरिबी.

दुसरा धडा याच महाराजांच्या दारात उभ्या राहिलेल्या तरुणाचा. केळुसकर गुरुजींनी भीमराव आंबेडकरांना सयाजीरावांपुढे नेलं, महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती ठरली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाची शिष्यवृत्तीही बडोद्याचीच. १९१७ मध्ये करारानुसार नोकरी करायला ते इथे आले, तेव्हा एवढं शिक्षण आणि राज्याची चाकरी हाताशी असूनही शहरात कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन येऊन बाहेर काढलं, आणि मुंबईच्या गाडीची वाट बघत ते कमाटीबागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून जपली आहे. त्याच बाबासाहेबांचा सूट, टाय आणि बूट पुढे इतके ठरून गेले की गावोगावचे पुतळे निळ्या सुटातच उभे राहिले. ज्याच्या आजोबा-पणजोबांना अंगभर कपडा घालायलाही गावाने आडकाठी केली, त्याला ‘साधं जा’ म्हणून सांगणाऱ्याने आधी आपल्याच कपाटात डोकावून बघावं.

म्हणून ‘साधं जा’ हे मी भाच्याला सांगते. त्याचे आजोबा पदवीधर, बाप इंजिनियर, तो स्वतः मराठी-गुजराती-हिंदी-इंग्रजी अशा चार भाषांत भांडू शकतो. त्याने सुती शर्ट घातला काय आणि सिल्कचा घातला काय. निळ्या कोऱ्या शर्टाच्या मुलाला मी तसं सांगणार नाही. त्याच्या घरच्यांनी तो शर्ट घेतला तो आमचा मान ठेवायला. त्याला मी एवढंच सांगेन की आदल्या दिवशी एकदा धुऊन घे.

हे झालं एका प्रकारच्या कॉलेजचं. बडोद्यात दुसराही प्रकार आहे, आणि तो अधिक अवघड आहे. पुष्पबागेतल्या फाइन आर्ट्सच्या फॅकल्टीत जरा चक्कर मारा. १९५० साली ती सुरू झाली, मूळच्या इंदूरच्या ना. श्री. बेंद्र्यांनी चित्रकलेचा विभाग उभा केला, आणि देशभरातून मुलं तिथे यायला लागली ती आजतागायत. तिथला फॉर्मल म्हणजे चुरगळलेला कुर्ता, झोळी आणि कोल्हापुरी. तिथे टाय लावून जाणाऱ्याकडे लोक बँकेचं कर्ज देणारा आला असं समजून बघतील. पण त्या निष्काळजीपणाचीसुद्धा काळजी घ्यावी लागते! माझ्या मैत्रिणीच्या मुलाने पोर्टफोलिओ घेऊन जायच्या दिवसासाठी खास एक कुर्ता बाजूला काढला होता, खिशापाशी निळ्या रंगाचा झोकदार डाग पडलेला. आईने रात्री तो बघितला, उद्या पोराची मुलाखत आणि हा असला कुर्ता म्हणून घासूनपुसून धुतला, पंख्याखाली वाळवला, कडक इस्त्री करून हँगरला लावला. पोस्टर कलर होता, साफ गेला. सकाळी त्या घरात जे रामायण झालं ते खाली सूरसागर तलावापर्यंत ऐकू आलं असेल.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी वाकडा. मुलाचा रंग चुकतो किंवा माप चुकतं. मुलीचं थेट ‘वळण’ चुकतं. आजीला बाही आखूड वाटते, बसमध्ये ओढणी नसेल तर माणसं वाटेल तशी बघतात, आणि पॅनेलवर एखादा सहकारी कुजबुजतो, “जरा जास्तच मॉडर्न आहे नाही?” हे मी ऐकलं आहे, बिनबाह्यांच्या कुर्त्यातली ती मुलगी प्रश्नाचं उत्तर अचूक देत असताना. उलट, आईची साडी नेसून आलेली एक मुलगी आठवते. साडीला काही म्हणायचं नाही, पण तिचं निम्मं लक्ष पदराच्या पिनेत होतं आणि उरलेलं निऱ्यांत. आमच्या वाट्याला काय येणार? जी मुलगी रोज साडी नेसते तिने खुशाल साडी नेसावी. बाकीच्यांनी रोजचा कुर्ता-सलवार घालावा, आणि शिवून घेत असाल तर शिंपिणीला खिसा ठेवायला सांगा. ओळखपत्र, रुमाल आणि गाडीचं तिकीट हातात घेऊन कोणालाच धड नमस्कार करता येत नाही.

भाच्याला मी जे सांगितलं ते फार थोर नाही. जे घालायचं ते आधी एक अख्खा दिवस घालून घरात वावर. त्यात जेव, जिना चढ, मांडी घालून बस, वाकून बुटाची नाडी बांध. कुठे काचतंय, कुठे शर्ट पँटीतून सुटतोय, ते तेव्हाच कळतं. शर्ट सुती घे, कारण जूनमध्ये पाऊस तोंडावर असताना बडोदा काय आणि अहमदाबाद काय, पॉलिस्टरच्या शर्टात माणूस उकडून निघतो. घामाचे डाग फिकट निळ्यावर आणि राखाडीवर सगळ्यात ठसठशीत दिसतात, पांढऱ्यावर किंवा गडद निळ्यावर कमी. (राखाडी टी-शर्टाचा निकाल तिथेच लागला.) बूट जुने पण पॉलिश केलेले. गाडीत अंगात जुना टी-शर्ट असू दे, दोन तास गर्दीत उभं राहायची वेळ आली तर इस्त्रीचा पार चोळामोळा होतो. चांगला शर्ट वेगळा ने आणि स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये बदल. आणि हो, मुलाखतीच्या खोलीत एसी असतो. पॅनेलवरचे बुजुर्ग सकाळीच तो हुडहुडी भरेपर्यंत खाली आणून ठेवतात. उन्हातून आलेली घामेजलेली मुलं आत आली की पाच मिनिटांत काकडायला लागतात, आणि मग कोणीतरी लिहितंच, ‘नर्व्हस’.

मुलाखत घेणाऱ्यांचे कपडे कसे असतात, असं अजून मला कोणी विचारलेलं नाही. विचारलंत तर सांगते: अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला शाईचा जुना ठिपका, पायात सँडल. आमच्यापैकी एकाही माणसाला त्या ‘फॉर्मल’ ओळीखाली आत सोडलं नसतं. एका वर्षी मी मीटिंगमध्ये सुचवलं, की पत्रातली ती ओळ काढा आणि त्याऐवजी लिहा, कपड्यांचं बंधन नाही, खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, एसी आहे. अर्धा तास चर्चा झाली. शिस्तीचं काय, असं एकाने विचारलं. संस्थेच्या प्रतिमेचं काय, असं दुसऱ्याने. ओळ राहिली. मजला आणि लिफ्टचं मात्र छापून आलं.

तर शनिवारी संध्याकाळी दादा, भाचा आणि मी मंगळ बाजारात. दादाला ‘फॉर्मल’ म्हणजे ब्लेझर यापलीकडे काही ऐकून घ्यायचं नव्हतं. पहिल्या दोन दुकानांत रेडीमेड बघितले. निळ्या रंगाचा एक त्याला आवडला, पण बाही बोटांच्या पेरांपर्यंत आणि खांदा बाहेर ओघळलेला. “वाढतं अंग आहे,” दादा म्हणाला. तो भाचा गेल्या वर्षभरात सूतभरही वाढलेला नाही, पण बापांच्या हिशेबात मुलं लग्नापर्यंत वाढतच असतात. दुकानदार म्हणाला, बाही कमी करून देतो. मी म्हटलं, आणि खांदा? बाही हवी तेवढी आखूड होते, कंबर आत घेता येते, पण खांदा धरायचा तर बाही उसवा, अस्तर उसवा, सगळा कोटच पुन्हा बांधा.

शेवटी लहेरीपुरा दरवाज्याजवळच्या आमच्या जुन्या शिंप्याकडे गेलो. त्याने पोराला नुसतं पाठमोरं उभं केलं, दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवले आणि म्हणाला, “खभो बेसे तो बधुं बेसे.” खांदा बसला की सगळं बसतं. मग टेप काढला.

मी दादाला अजून एकदा सांगून बघितलं, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट पुरे आहे, एवढे पैसे कशाला. त्याने ऐकल्यासारखं केलं.

“लग्न छे?” शिंप्याने खडूने वहीवर आकडे टिपत विचारलं.

“मुलाखत आहे, गुरुवारी,” दादा म्हणाला. “पण डिसेंबरात याच्या मामेबहिणीचं लग्न आहे, तेव्हाही चालला पाहिजे. पुढेमागे नोकरीच्या वेळी पण. आत माया सोड भरपूर.”

भाचा दोन्ही हात पसरून उभा होता, बगलेतून टेप गेलेला. त्याने मान तेवढी माझ्याकडे वळवली.

“आत्या, तो एसी खरंच इतका असतो?”

“असतो.”

“मग घालतो.”